मेहुण्याच्या हातातला दोर

वाल्मीकने बहिरूच्या कमरेची गाठ ओढून पाहिली, पुन्हा ओढून पाहिली, आणि आणखी एकदा हात तिकडे गेला तेव्हा बहिरूने पोट आत घेतलं.

"आवळ अजून. सकाळची भाकर वर येऊंदे," बहिरू म्हणाला.

दोराचे लोखंडी खांबाला वेढे देऊन वाल्मीकने टोक हाताशी घेतलं आणि बंकरच्या काठाशी पाय रोवून तो बसला. आज नव्या यंत्रामुळे दोराचं काम पडणार नाही, असं इंजिनियर देवरेसाहेबांनी कालच सांगितलं होतं. पण मुकादम सहादूचं म्हणणं असं, की साहेबाचं यंत्र साहेबाजवळ आणि आपला दोर आपल्याजवळ. त्यामुळे बहिरू दोर बांधून तयार उभा होता. छपराच्या पत्र्यावर आषाढातला पाऊस दणादणा वाजत होता आणि एकमेकांशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. वाल्मीक आणि बहिरूला त्याची फारशी अडचण नव्हती. ते दोघं तसेही कामापुरतंच बोलत.

पळसवाडीचं वीजकेंद्र नाशिकरोडच्या पुढे, नदीच्या वळणावर. बाहेरून येणारा माणूस धुराडी बघून तोंडाचा आ करतो आणि तिथेच थांबतो. खरा जीव टांगणीला लागतो तो बंकरवर, हे त्याला कोणी सांगत नाही. बंकर म्हणजे कोळशाचं तीन-चार मजली नरसाळं. वरून पट्ट्याने कोळसा पडतो. खालच्या तोंडाशी फीडर असतो, तो कोळसा थोडा थोडा पुढे सरकवतो. पुढे गिरणी, तिथे त्याचं पीठ होतं आणि ते पीठ भट्टीत जळतं. उन्हाळ्यात हे सगळं इतकं बिनबोभाट चालतं, की बंकरवरची माणसं पत्ते कुटतात. पण पावसाळा लागला, की विदर्भातून रेल्वेच्या उघड्या वाघिणींतून येणारा कोळसा वाटेत भिजतो. येताना चिखल झालेला असतो. तो बंकरच्या भिंतींना चिकटतो, आणि मध्येच त्याची कमान धरते. वरून पाहावं तर बंकर गच्च भरलेला, आणि कमानीच्या खाली सगळी पोकळी. फीडर नुसताच फिरतो. भट्टीतली ज्योत लटपटायला लागते.

मग बाहेरून घण मारायचे. वरून लांबलचक बांबू खुपसायचे. त्यानेही हललं नाही, तर कमरेला दोर बांधून, हातात पहार घेऊन एका माणसाने शिडीने आत उतरायचं आणि उभं राहून कमान फोडायची. ज्या कमानीवर उभं राहायचं, तीच फोडायची. ती फुटली की वरचा माणूस खाली, आणि त्याच्या अंगावर उरलेला कोळसा. मध्ये असतो तो फक्त दोर. कोंडाजी एकदा असा खांद्यापर्यंत गाडला गेला होता. दोराने वर आला, घरी गेला, आणि पुन्हा कामावर म्हणून आला नाही. आता तो गेटबाहेर चहा विकतो आणि अगदी मजेत आहे.

तो दोर कोणी धरायचा, याचा कायदा सहादूने घालून दिला होता. दोर धरायचा तो उतरणाऱ्याच्या बायकोच्या भावाने. दुसऱ्या कोणी धरायचा नाही.

"सख्खा भाऊ नको," तो सांगायचा. "भावाभावात शेताचा बांध असतो. दोस्त नको, दोस्ताचा डोळा इकडंतिकडं जातो. मेहुन्याला संध्याकाळी बहिनीला तोंड दाखवायचं असतं. त्याच्या हातनं दोर सुटत नाय."

साहेब लोक आधी हसले. पण सहादूच्या टोळीत दोर कधी सुटला नव्हता, आणि न सुटलेल्या दोरावर कोण कशाला हरकत घेणार? टोळीत भरती व्हायची ती जोडीनेच, दाजी आणि मेहुणा. लोक लग्न ठरवताना मुलगी बघतात. पळसवाडीच्या बंकरवरची माणसं मुलीचा भाऊ बघायची. त्याचे दंड बघायची, तो दारू पितो का विचारायची, आणि मुलगी कशी आहे ते मग सावकाश चौकशीत निघायचं. एकाला मेहुणाच नव्हता, तर सहादूने त्याच्या बायकोला आपल्या थोरल्या मुलाच्या हाती राखी बांधायला लावली आणि त्या मुलाला दोरावर बसवलं.

या कायद्याला एक पोटकलम होतं. दोरावरच्या दोघांनी भांडायचं नाही. ज्यांचं भांडण झालं त्यांनी सकाळी येऊन तसं सांगायचं. कारण विचारलं जाणार नाही. दोघांना बाहेर कोळशाच्या ढिगांवर काम मिळेल आणि उतरायला दुसरी जोडी. पण एका दोराला हात लावून मनात भांडण ठेवायचं नाही. आपल्या माणसाला दुसऱ्या कोणी दोर धरून उतरवावं हे कुठल्याच घराला नको असायचं, त्यामुळे बंकरवाल्यांच्या घरांत एक चमत्कारिक शांतता नांदायची. खोल्यांच्या त्या सगळ्या रांगेत बहिरूचं घर तर नावाजलेलं. शेजारची कुसाबाई आपल्या सुनांना ऐकवायची, की सिंधूच्या घरातून कधी भांडं आपटल्याचा आवाज येतो का बघा. बहिरू आणि त्याची बायको सिंधू, म्हणजे वाल्मीकची बहीण, एका खोलीत राहायचे. वाल्मीकची बायकामुलं गावी, दिंडोरीकडे, थोरला भाऊ यादव याच्याजवळ. वाल्मीक स्वतः पलीकडच्या खोलीत झोपायचा आणि दोन्ही वेळा बहिणीकडे जेवायचा. जेवताना कोणी आवाज चढवायचं नाही. खरं तर कोणी आवाजच करायचं नाही.

यातली गोम कुसाबाईला ठाऊक नव्हती. तीन पावसाळ्यांपूर्वी वाल्मीकची आई गावी अंथरुणाला खिळली आणि यादवचा निरोप आला, की आई सिंधूचं नाव घेते आहे, तिला पाठवा. त्या दिवसांत बंकर रोज तुंबत होते आणि रजा कोणालाच मिळत नव्हती. वाल्मीकला हलता येत नव्हतं, दोर त्याच्या हाती होता. पण सिंधूला जायला काय हरकत होती? तो विचारायला गेला तेव्हा बहिरू दारात उभा होता. तो म्हणाला, "ती नाय जायची." एवढंच. मागे सिंधू चुलीकडे तोंड करून बसली होती, तिने मान वळवली नाही. पाच दिवसांनी आई गेली. मग तिघं मिळून गेले, रडले, परत आले.

वाल्मीकने सहादूला सांगितलं असतं तर दोघं ढिगांवर गेले असते. दोनदा तो सांगायच्या बेताने मुकादमाच्या ओट्यापर्यंत गेलाही, आणि तंबाखू मागून परत आला. ढिगांवरची माणसं काही कायमची ढिगांवर राहत नाहीत. एखाद्या अडीअडचणीच्या दिवशी बहिरू पुन्हा उतरला असता, आणि दोर धरला असता भलत्याने. सिंधूच्या कुंकवाचा तो दोर भलत्याच्या हाती द्यायचा, हे त्याला सोसणारं नव्हतं. तेव्हापासून तो बहिरूला मनातल्या मनात लाखोली वाहत होता आणि त्याची गाठ दोनदोनदा ओढून बघत होता.

देवरेसाहेब हा माणूस सटाण्याचा, कांद्याच्या घरातला. वय तिशीच्या आत, आवाज मोठा, आणि चांगलं काही घडलं की तोंडातून अहिराणी बाहेर पडायची. पळसवाडीला आल्याच्या पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी बहिरूला आत उतरताना पाहिलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मग वर्षभर वरिष्ठांच्या दारात उभं राहून त्यांनी एका बंकरपुरती मंजुरी मिळवली. उन्हाळ्यात संच दुरुस्तीला बंद असताना त्यांनी बंकरच्या उतरत्या भिंतींना आतून गुळगुळीत चकचकीत पत्रा लावून घेतला. खालचं अरुंद तोंड रुंद केलं आणि त्या मापाचा नवा फीडर बसवला. बाहेरून, कमान जिथे धरते तिथे, हवेच्या टाक्या जोडल्या. झडप उघडली की दाबलेली हवा धाडकन आत सुटायची. लोक त्याला साहेबांची तोफ म्हणायचे. तोफेपुढे नारळ फुटला, पेढे वाटले गेले, पण विश्वास कोणाचाच बसला नाही. कोरड्या कोळशात कुठलंही यंत्र चालतं, असं सहादू म्हणाला, आणि ते साहेबांनाही मान्य होतं. म्हणून आज त्यांनी मुद्दाम सगळ्यात भिजलेल्या वाघिणी या बंकरवर ओतून घेतल्या होत्या.

तासभर सगळं सुरळीत चाललं. कोळशाचा माथा हळूहळू खाली जात होता. देवरेसाहेब काठावरून वाकून बघायचे, मग टाकीवरच्या दाबाच्या काट्याकडे बघायचे, मग पुन्हा वाकायचे. सहादू एका जागी तंबाखू चोळत बसला होता. बराच वेळ झाला तरी त्याने ती तोंडात टाकली नव्हती.

मग माथा जागच्या जागी थांबला.

"फीडर रिकामा!" खालून हाक आली.

साहेबांनी झडप उघडली. पायाखालचं लोखंड हादरलं, पत्र्यावरची धूळ खाली आली. कोळसा हलला नाही.

"हवा कमी पडली," साहेब म्हणाले. "टाकी पूर्ण भरू द्या. मग बघू."

कंट्रोलरूमचा फोन वाजला. तिकडचा माणूस इतक्या मोठ्याने बोलत होता, की पावसातही ऐकू येत होतं. ज्योत पडत होती, तेल जाळून धरली होती, कोळसा कधी येणार? आणि जमत नसेल, तर बहिरूला उतरवा.

"थांबा म्हणतो ना," देवरेसाहेब म्हणाले, पण त्यांचा आवाज पहिल्यासारखा मोठा नव्हता.

सहादूने बहिरूकडे पाहिलं. हे रोजचंच होतं. बहिरूने पहार उचलली, शिडीशी गेला आणि एक पाय पहिल्या पायरीवर टाकून त्याने दोराला हिसका दिला. हिसका म्हणजे सैल सोड.

वाल्मीकने सैल सोडला नाही.

"दोर सोड की," बहिरू म्हणाला.

"हवा भरू द्या."

"अरे, तिकडं ज्योत पडायला लागली."

"पडू द्या."

सहादूची तंबाखू चोळणारी बोटं थांबली. धरणाऱ्याने दोर अडवून धरायचा, असं टोळीत आजवर कोणी केलं नव्हतं. वाल्मीकचंही ते ठरवून झालं नव्हतं. त्याचे हात फक्त उघडत नव्हते. इतकी वर्षं तो दुसरा काही उपाय नाही म्हणून सैल सोडत आला होता, आणि आज उपाय समोर लटकत होता, काट्याएवढ्या अंतरावर. देवरेसाहेब त्या काट्याला नाक लावून उभे होते. फोन पुन्हा वाजायला लागला. तो कोणी उचलला नाही.

"बाजूला!" साहेब ओरडले आणि त्यांनी झडप ओढली.

या वेळचा आवाज वेगळा होता. बंकरच्या पोटातून तो वर आला, आणि कोळशाचा अख्खा माथा मधोमध खचून एका दमात खाली गेला. जिथे आत्ता आत्तापर्यंत गच्च भरलेला सपाट कोळसा दिसत होता, तिथे काळं विवर झालं. शिडीचा कोळशात रुतलेला खालचा भाग उघडा पडून डुगडुगत होता. बहिरू त्याच पायऱ्यांनी उतरून त्याच माथ्यावर उभा राहणार होता. हे बघत असतानाच वाल्मीकने अंगातल्या सगळ्या ताकदीने दोर ओढला. पडलेलं कोणीच नव्हतं, पण हात काही विचारायला थांबले नाहीत. बहिरू पहारीसकट मागे भेलकांडत आला आणि वाल्मीकच्या अंगावर आदळला.

खाली फीडर भरल्याची हाक आली.

"पडना रे भो!" कोळसा पडल्याच्या आनंदात देवरेसाहेब टाकीवर थापा मारत अहिराणीत ओरडले. "कोळसा पडना! पडना रे!"

मग हसण्याला, एकमेकांच्या पाठीत गुद्दे मारण्याला काही सुमार राहिला नाही. साहेबांनी फोन उचलून कंट्रोलरूमला अहिराणीत काय काय सुनावलं, ते तिकडच्या माणसाला कळलं नसावं, पण त्याचीही तक्रार नव्हती. दुपारपर्यंत बंकर आणखी काही वेळा अडला आणि प्रत्येक वेळी तोफेने मोकळा झाला. कोंडाजी चहाची किटली घेऊन स्वतः वर आला. गाडला गेला होता त्यानंतर पहिल्यांदाच तो या मजल्यावर पाय ठेवत होता. काठापासून चार हात लांब उभं राहून त्याने सगळ्यांना चहा दिला आणि लगबगीने खाली गेला.

पाळी सुटताना साहेबांनी शिडीच्या तोंडावरच्या जाळीला कुलूप घातलं. बाकीचे बंकरही येत्या उन्हाळ्यात असेच करू, म्हणाले. तोवर अडलंच, तर टाकीची जोडणी तिकडे फिरवू, पण आजपासून माणूस आत जाणार नाही. तुम्हा लोकांना काढणार नाही, तोफेला आणि फीडरला माणसं लागतातच, हेही त्यांनी न विचारता सांगून टाकलं. बहिरूच्या कमरेची गाठ भिजून घट्ट बसली होती. सहादूने ती नखांनी सोडवून पाहिली, शेवटी खाली वाकून दातांनी सोडवली. वर उभा राहिला तेव्हा म्हाताऱ्याचे डोळे भरले होते आणि त्याने ते लपवले नाहीत.

"सुटलात रे बाबांनो," तो म्हणाला. "आता काय भांडायचं ते भांडा."

गेटपासून दोघं नेहमीसारखे न बोलता खोल्यांकडे निघाले. पाऊस बारीक झाला होता. छत्री एकच, ती बहिरूच्या हातात आणि बहिरूच्याच डोक्यावर होती. पाण्याची टाकी मागे पडली तसा वाल्मीक थांबला.

"छत्री जरा इकडं धरा की," तो म्हणाला.

बहिरूने वळून पाहिलं. "भिजलेलाच हे की तू."

"भिजलेलाच हे! किती वर्सं झाले मी भिजूनच येतो तुमच्याबरोबर. छत्री कोनाची? माझी. मी आनली येवल्याहून."

"मग मागायची."

"मागायची कशी? मागितलं तर भांडन होईल म्हनून गप बसलो!"

एकदा तोंड उघडल्यावर मग काय? छत्रीमागून रेडिओ निघाला. रेडिओमागून घोरणं निघालं, जे भिंतीपलीकडे ऐकू जातं. मग सायकलचं पंक्चर, मग यादवच्या मुलीच्या लग्नात बहिरूने पंगतीतून उठून जाणं. बहिरूही काही कमी नव्हता. त्याच्याकडेही बरंच साठलेलं निघालं, आणि त्यातलं निम्मं वाल्मीकच्या जेवण्याबद्दल होतं. कालवणात पहिला हात कोणाचा पडतो, वांग्याच्या फोडी कोण वेचून खातो. दोघंही एकमेकांना मान देऊन ओरडत होते, दाजी काय आणि पाव्हनं काय. हातवारे करायला बहिरूने छत्री खाली घेतली आणि मग दोघंही सारखेच भिजले.

खोलीच्या दाराशी पोचेपर्यंत आवाज असा चढला होता, की कुसाबाई पदर सावरत बाहेर आली. या दारात भांडण हे तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती तोंडावर हात ठेवून जागीच उभी राहिली.

सिंधू पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. दोघांकडे तिने आळीपाळीने पाहिलं. भांडण सोडवायला ती पुढे झाली नाही.

"दोर?" तिने विचारलं.

"सुटला," बहिरू म्हणाला. "कायमचा. साहेबानी कुलूप घातलं."

सिंधू उंबऱ्यावरच बसली. पिठाचे हात तिने मांडीवर तसेच पालथे टाकले. तिला इतकं हलकं वाटलं, की उठून उभं राहावं तर पाय जमिनीला लागतील का, अशी शंका यावी. कुसाबाईकडे बघून ती हसली.

"काय नाय झालं, मावशी. भांडन चाललंय," ती म्हणाली. "जा तुम्ही."

कुसाबाई गेली, पण दार लोटलं नाही.

वाल्मीकला मात्र आता थांबता येत नव्हतं. छत्री, रेडिओ, वांग्याच्या फोडी हे सगळं ज्याच्यावर रचलेलं होतं, ते तळाचं अजून जागचं हललं नव्हतं.

"माझी आई हिचं नाव घेत गेली," तो म्हणाला, आणि आवाज एकदम खाली आला. "मी नाय जाऊ शकलो, मला दोर होता. हिला काय होतं? तुम्ही या दारात उभं राहून म्हनले, ती नाय जायची. का म्हनले?"

बहिरूने छत्री मिटून भिंतीला टेकवली. ती घसरली, त्याने पुन्हा टेकवली.

"म्हनलो खरं," तो म्हणाला.

"का?"

बहिरूने सिंधूकडे पाहिलं. त्या पाहण्यात परवानगी मागितल्यासारखं काहीतरी होतं.

"त्यांनी नाय अडवलं," सिंधू म्हणाली. "मीच गेले नाय."

वाल्मीक उंबऱ्याकडे एक पाऊल पुढे आला.

"रोज बंकर तुंबत होते तव्हा. रोज हे खाली अन् तू वर. मी घरात बसून असले, तर दोघं परत येता, असं माझ्या मनानं घेतलं होतं. येडेपना म्हन. आईकडं जायला उठायचे अन् पाय मागं यायचे. यांनी दोनदा सांगितलं जा म्हनून. एकदा तर स्टँडपोहोत घेऊन गेले. मी परत आले."

"मला का नाय सांगितलं?"

"काय सांगू तुला?" सिंधूचा आवाज चढला. भावावर आवाज चढवून तिला किती वर्षं झाली होती, ते तिलाही आठवलं नसतं. "तुझ्या हातावर भरवसा नाय, म्हनून आईकडं जात नाय, असं सांगू? अन् दुसऱ्या दिशी यांना त्याच हातावर खाली पाठवू? तुझा हात थरथरला असता, वाल्मीक. म्हनून यांना म्हनलं, तुमच्या नावावर घ्या. दाजीला शिव्या घालील, पन हात थरथरनार नाय."

आणि मग ती रडायला लागली. आईच्या अंत्ययात्रेला ती चारचौघींसारखी रडली होती. हे रडणं वेगळं होतं, मोठ्याने, आईला हाका मारत, पिठाच्या हातांनी तोंड पुसत. बहिरू तिच्याजवळ जाऊन उंबऱ्याशी बसला. काय करावं ते त्याला कळेना, तेव्हा तो तिच्या तोंडावरचं पीठ पुसत राहिला.

वाल्मीक पावसात तसाच उभा होता. त्याच्या डोळ्यांपुढे सकाळची गाठ होती, कालची होती, तीन पावसाळ्यांतल्या सगळ्या गाठी होत्या. बहिरूला आईचा गुन्हेगार समजणाऱ्या मेहुण्याच्या हातात बहिरू रोज दोराचं टोक देत होता आणि पोट आत घेऊन, आवळ म्हणत होता.

"दाजी," तो म्हणाला, "मी दोर धरून तुम्हाला मनात शिव्या द्यायचो."

"म्हाईत हे की."

"आईवरून द्यायचो."

"म्हाईत हे." बहिरूने सिंधूच्या गालावरचा हात न काढता मान वर केली. "शिव्या देतांना तू दोर लय घट्ट धरायचास. वरून दिसायचं नाय तुला, पन मला कमरेला कळायचं. ज्या दिशी जास्त घट्ट, त्या दिशी मी बिनघोर उतरायचो."

वाल्मीकला हसू आलं, की आणखी काही आलं, ते त्यालाच सांगता आलं नसतं. तो ओल्या कपड्यांनी बहिरूच्या शेजारी जाऊन टेकला. इतका वेळ भांडून झाल्यावर तिघांनाही भूक लागली होती. आतून तव्यावरच्या भाकरीचा जळका वास यायला लागला. सिंधू नाक ओढत उठली.

"अन् हे काय, वल्ल्या अंगानं बसले दोघं माझ्या दारात!" ती कडाडली. "पाय पुसा आधी. ती छत्री बाहेर ठेवा. भाकर जळाली तुमच्यापायी, ती दोघांनी अर्धी अर्धी खायची आता, मी सांगून ठेवते."

दोघं निमूट उठले. पलीकडे कुसाबाईचं दार आणखी बोटभर उघडलं. आत जाता जाता सिंधू थांबली.

"वाल्मीक, आईच्या घरी जायला उद्या दिंडोरीची पहिली गाडी कव्हा हे?"

"उद्या? एवढ्या पावसात?"

"पावसातच जायचंय मला," सिंधू म्हणाली.